कोव्हजवळ पांढरे ठिपके, सीलिंगवर ढगाळ डाग: सॅम्पल्स वाढवूनही जात नाहीत

अंतरंग_बाणेर
बाणेरमधल्या एका थ्रीबीएचकेच्या हॉलचा रेंडर (संगणकावर काढलेलं खऱ्यासारखं चित्र) चालू आहे, स्केचअप (थ्रीडी मॉडेलसाठी) आणि व्ही-रेमध्ये (उजेड मोजून चित्र काढणारं सॉफ्टवेअर). हॉल १२ बाय १८ फुटांचा. पूर्वेला बाल्कनीचा स्लायडर, जिप्समचं फॉल्स सीलिंग, चारी बाजूंना कोव्हमध्ये (सीलिंगच्या कडेची, दिवे लपवायची खाच) एलईडी पट्टी आणि मधे डाउनलायटर. टीव्ही युनिटला काळी लॅकर्ड ग्लास (मागून रंगवलेली काच), खाली व्हिट्रिफाइड टाइल.

अडचणी तीन. कोव्हच्या आसपास आणि काळ्या काचेवर विखुरलेले पांढरे ठिपके. सीलिंगवर ढगाळ, पुसट डाग, ओल आल्यासारखे. आणि भिंत व सीलिंग मिळतात तिथे कोपऱ्यातून उजेडाची बारीक रेघ. नॉइज लिमिट (चित्रात किती रवाळपणा चालेल ती मर्यादा) ०.०१ आहे. मॅक्स सबडिव्ह्ज (एका पिक्सेलसाठी जास्तीत जास्त किती सॅम्पल्स, म्हणजे किरण, हे ठरवणारा आकडा) २४ वरून १०० केले, रेंडरचा वेळ वाढला, ठिपके तसेच. डिनॉइझर (नॉइज पुसणारा फिल्टर) लावला की ठिपक्यांचे गोल धब्बे होतात. सुरुवात कुठून करावी?

प्रकाशरेषा
तिन्ही दोषांची कारणं वेगळी आहेत, त्यामुळे एकाच सेटिंगने तिन्ही जाणार नाहीत. आधी डिनॉइझर बंद करा. तो चालू असताना मूळ दोष दिसतच नाही. मग मटेरियल ओव्हरराइड चालू करून सगळ्या सीनला १८० च्या आसपासचा मॅट करडा रंग द्या आणि फक्त कोव्हच्या कोपऱ्याचा रीजन रेंडर काढा. स्लायडरची काच आणि उजेड देणारं मटेरियल असेल तर तेही ओव्हरराइडमधून वगळा, नाहीतर बाल्कनीतून उजेडच येणार नाही आणि ते मटेरियलही करडं होऊन विझेल. करड्या रंगात ठिपके गेले तर दोष चकाकणाऱ्या मटेरियलचा. राहिले तर दिव्यांचा. डाग आणि रेघ राहिली तर मॉडेलमध्ये किंवा जीआयमध्ये (भिंतींवरून परतणाऱ्या उजेडाच्या हिशेबात) शोधायचं.

पांढऱ्या ठिपक्यांचं नव्वद टक्के कारण माझ्या मते तुमच्या एलईडी पट्टीत आहे. एमिसिव्ह (स्वतः उजळणारं) मटेरियल लावलेली पट्टी असेल तर व्ही-रे तिला दिवा म्हणून थेट सॅम्पल करत नाही. भिंतीवरून उडालेला एखादा किरण योगायोगाने त्या बारीक, अतिप्रखर पट्टीवर आदळला की त्या एका पिक्सेलला प्रचंड किंमत मिळते, शेजारच्याला काहीच नाही. म्हणून सॅम्पल्स वाढवल्यावरही ठिपके जात नाहीत: जास्त किरण म्हणजे असे योगायोगही जास्त. पट्टीऐवजी कोव्हच्या आत १० ते १२ मिमी रुंदीचे रेक्टँगल लाइट ठेवा, तोंड वर सीलिंगकडे, ३००० केल्विन, इनव्हिजिबल चालू. वळणदार कोव्ह असेल तर मेश लाइट (मॉडेलमधल्या आकाराचाच दिवा). पट्टी डोळ्याला दिसायलाच हवी असेल तर एमिसिव्ह ठेवा, पण तीव्रता अगदी कमी, फक्त दिसण्यापुरती. खोली उजळायचं काम रेक्टँगल लाइटकडे द्या.

डाउनलायटरही तपासा. थ्रीडी वेअरहाऊसमधून (स्केचअपची तयार मॉडेल्सची साइट) आणलेल्या फिक्स्चरला बऱ्याचदा काचेचं झाकण असतं. आयईएस लाइट (खऱ्या दिव्यासारखा उजेड पसरवणारा) त्या झाकणाच्या आत राहिला की उजेड काचेतून अपवर्तित होऊन येतो आणि ठिपके पडतात. झाकण काढून टाका, लाइट फिक्स्चरच्या तोंडाखाली १० मिमी आणा. एवढ्याने खूप फरक पडतो.

मॅक्स रे इंटेन्सिटी (एका किरणाच्या प्रखरतेची मर्यादा) मूळची २० असते. ती ५ पर्यंत खाली आणली की उरलेसुरले ठिपके दबतात. त्याखाली गेलात तर कोव्हचा उजेड आणि टाइलमधली चमक मलूल होते, म्हणून हा उपाय शेवटी.

सांगाडा_थ्रीडी
प्रकाशरेषा यांचं दिव्यांबद्दलचं बरोबर आहे. डाग आणि रेघ यांच्याबद्दल मी लिहितो.

ढगाळ डाग हे इरेडिअन्स मॅपचं (जीआय मोजायची एक पद्धत) लक्षण. तो काही ठिकाणीच उजेड मोजतो आणि मधलं अंदाजाने भरतो. सपाट पांढऱ्या सीलिंगवर तो अंदाज लगेच उघडा पडतो. जीआयमध्ये प्रायमरी (उजेडाची पहिली उडी) ब्रूट फोर्स (अंदाज न करता सगळीकडे मोजणारी पद्धत) करा, सेकंडरी (पुढच्या उड्या) लाइट कॅश ठेवा, त्याचे सबडिव्ह्ज १००० वरून १५००. डागांऐवजी बारीक एकसारखी रवाळ नॉइज येईल. ती चांगली, कारण डिनॉइझर तीच नीट पुसतो.

सीलिंगचा पांढरा रंगही बघा. आरजीबी २५५ दिला असेल तर पृष्ठभाग आलेला सगळा उजेड परत फेकतो, किरण खोलीत उड्या मारत राहतात आणि नॉइज संपत नाही. कुठलाही खरा डिस्टेंपर इतका पांढरा नसतो. २१० ते २२० ठेवा, उजेड कमी वाटला तर एक्स्पोजर वाढवा.

रेघेचं कारण जवळजवळ नक्की मॉडेलमध्ये आहे. एका फेसची (सपाट पृष्ठाची), जाडी नसलेली भिंत असेल तर बाहेरचा सूर्य कोपऱ्यातून आत झिरपतो. बाहेरच्या भिंतीला ६ इंच, स्लॅबला ५ इंच तरी जाडी द्या आणि स्लॅब भिंतीच्या बाहेरच्या कडेपर्यंत न्या, आतल्या कडेला थांबवू नका. हॉलमध्ये उभं राहून मॉडेल बरोबर दिसतं, दोष छताच्या वरून बघितल्यावर कळतो.

पॅनेलिंग किंवा वॉलपेपरचा फेस भिंतीच्या फेसवर तंतोतंत बसला असेल तर काळे-पांढरे चट्टेही येतील. त्याला १ मिमी पुढे घ्या.

अंतरंग_बाणेर
दोघांचेही मनापासून आभार. ओव्हरराइडमध्ये ठिपके राहिले, म्हणजे दिवेच. पट्टी एमिसिव्ह होती, ती बदलल्यावर कोव्ह स्वच्छ झाला. स्लॅब बाहेरच्या कडेपर्यंत नेल्यावर रेघ गेली, ब्रूट फोर्सवर सीलिंगचे डागही गेले. आता दोनच गोष्टी उरल्यात: स्लायडरजवळच्या शीअर (पातळ, आरपार दिसणाऱ्या) पडद्याभोवती नॉइज हटत नाही, आणि काळ्या काचेत तुरळक ठिपके दिसतात. नॉइज लिमिट ०.००५ करू का?

प्रकाशरेषा
लगेच नको. नॉइज निम्मी करायला साधारण चौपट सॅम्पल्स लागतात, म्हणजे वेळही त्याच प्रमाणात. रात्रभर रेंडर लावून मधेच लाइट गेली तर सगळं पुन्हा, म्हणून रिझ्युमेबल रेंडरिंगही (थांबलेलं रेंडर तिथूनच पुढे नेणारं) चालू ठेवा.

आधी पडद्याचं मटेरियल बघा. त्यात रिफ्रॅक्शन (अपवर्तन) असेल तर काढा आणि ओपॅसिटी किंवा टू-साइडेड मटेरियल वापरा. झिरमिरीत कापडाला अपवर्तनाची गरज नसते. स्लायडरच्या काचेच्या रिफ्रॅक्शनमध्ये अफेक्ट शॅडोज चालू आहे ना? तो बंद असला तर काच उन्हाला अपारदर्शक ठरते आणि आतला सगळा उजेड कॉस्टिक्समधून (काचेतून वळून एकवटणाऱ्या उजेडाच्या हिशेबातून) मागितला जातो.

लॅकर्ड ग्लासची ग्लॉसिनेस १ असेल तर ०.९५ करा. पूर्वेचं सकाळचं ऊन थेट टाइलवर पडत असेल तर तिथला झगमगाटही काचेत ठिपके देतो. टाइल ०.९ च्या आसपास ठेवा.

सांगाडा_थ्रीडी
एक भर. मल्टिचॅनेल ईएक्सआर (एकाच फाइलमध्ये अनेक थर ठेवणारा प्रकार) सेव्ह करा, डिनॉइझरचं चॅनेल वेगळं आणि मूळ आरजीबी वेगळं. व्हिनियरच्या रेषा डिनॉइझरने मेणचट झाल्या असतील तर तेवढ्या भागात मास्क लावून मूळ प्रतिमा आणता येते. पाच-दहा ठिपके उरले तर फोटोशॉपमध्ये १६ बिटवर डुप्लिकेट लेअर घ्या, डस्ट अँड स्क्रॅचेस, रेडियस १ ते २ पिक्सेल, थ्रेशोल्ड २० ते ३०, आणि मास्कमधून फक्त ठिपक्यांवर रंगवा. पूर्ण चित्रावर लावलात तर सोफ्याच्या कापडाची वीण आधी जाईल.