पाचट न जाळणाऱ्याच्या हातात कार्बनचे किती पैसे पडणार? सह्या करण्याआधी बोलूया

वाळव्याचा ऊसकरी
रविवारी संध्याकाळी आमच्या गावच्या समाजमंदिरात मातीतल्या कार्बनवर बैठक झाली. एका कंपनीचे दोघे आले होते. त्यांचं म्हणणं असं: ऊस तुटल्यावर पाचट, म्हणजे रानात उरलेला वाळका पाला, पेटवायचं नाही, खोडव्यात (तुटलेल्या बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या उसात) सरीत कुजवायचं. नांगरट कमी करायची, मधे ताग नाहीतर धैंचा हे हिरवळीचं खत म्हणून गाडायचं. त्यानं जमिनीत जो सेंद्रिय कर्ब (पालापाचोळा कुजून मातीत साठणारा कार्बन) वाढेल त्याची मोजणी होऊन क्रेडिट तयार होणार. एक टन कार्बन डायऑक्साइड हवेतून कमी केला की एक क्रेडिट. ज्या कंपन्यांना आपल्या धुराचा हिशेब चुकता करायचा आहे त्या ते विकत घेतात आणि त्यातला वाटा शेतकऱ्याला. करार वीस वर्षांचा. बैठकीतच अकरा जणांनी सातबारा आणि आधार काढून दिला. मी दिला नाही, पण माझा विरोधही नाही.

माझं मत सरळ सांगतो. यात आपण उतरलं पाहिजे, पण एकेकट्यानं सही करून नाही. विकास सोसायटी किंवा कारखान्यामार्फत, गावच्या गाव मिळून. २०१५-१६ च्या कृषी गणनेत राज्यात एका खातेदाराची सरासरी जमीन १.३४ हेक्टर होती. एवढ्या तुकड्यासाठी कुणी माती तपासायला येणार नाही, म्हणून कंपनीला हजारो एकर गोळा करावे लागतात. ते हजारो एकर कारखान्याच्या नोंदीत आधीच गोळा आहेत. कुठल्या गटात उसाची कुठली जात, लागण कधी, तोड कधी, खोडवा किती, सगळं लिहिलेलं आहे. कार्बनवाल्यांना हीच माहिती लागते. म्हणजे मोलाचा माल आपल्याकडं आहे आणि आपण तो फुकट देतोय. केंद्रीय कृषी मंत्रालयानं जानेवारी २०२४ मध्ये शेतीतल्या ऐच्छिक कार्बन बाजारासाठी आराखडा काढला, तोही छोट्या शेतकऱ्याला या बाजारात आणायलाच. दार उघडं आहे, आत जाताना दहा जण मिळून जाऊ, एवढंच माझं म्हणणं.

खटावचा कोरडवाहू
दादा, मिळून गेलं तरी खड्डा तो खड्डाच. वीस वर्षं म्हणजे काय ते बघा. माझा पोरगा आता नववीत आहे. त्याचं लग्न होऊन पोरं शाळेत जातील तोवर त्याच्या बापानं दिलेल्या सहीत तो अडकलेला असणार. मधे वाटणी झाली, विहिरीसाठी चार गुंठे विकले, पाऊस गेला म्हणून खोल नांगरट करून दुसरं पीक घ्यावं लागलं, तर काय? मातीतला कर्ब बँकेतल्या ठेवीसारखा पडून राहत नाही. आपल्याकडच्या उन्हात तो भराभर कुजून परत हवेत जातो, आणि एका नांगरटीत वर्षांची कमाई उघडी पडते. धूर त्यांचा आणि वीस वर्षांची वेसण आपल्याला. मी या व्यवहाराच्या विरोधात आहे, कुणामार्फतही असला तरी.

माती तपासणीवाला, कराड
मी प्रयोगशाळेत काम करतो. दोघांच्याही बोलण्यात आकडा नाही, म्हणून आधी तो मांडतो. कुणीही कागदावर करून बघा.

एक एकर म्हणजे ४०४७ चौरस मीटर. मोजणी साधारण ३० सेंटीमीटर, म्हणजे एक फूट खोलीपर्यंत करतात. एका घनमीटर मातीचं कोरडं वजन १.३ टन धरलं तर एकरात सुमारे १५८० टन माती भरते. सेंद्रिय कर्ब ०.१ टक्क्यानं वाढला, समजा ०.४५ चा ०.५५ झाला, तर १.५८ टन कार्बन वाढला. त्याला ३.६७ नं गुणलं की कार्बन डायऑक्साइडचा हिशेब निघतो: ५.८ टन. म्हणजे पावणेसहा क्रेडिटं.

एवढी वाढ व्हायला पाच वर्षं लागली असं धरू, आणि तीसुद्धा चांगल्या कामानंतर. वर्षाला एकरी एक क्रेडिट आणि वर थोडं. भाव बदलत असतो. क्रेडिटला दहा डॉलर धरले तर वर्षाला हजार रुपयांच्या आसपास. त्यातून मोजणी, पडताळणी, नोंदणी आणि कंपनीचा वाटा जाणार. २०२४-२५ च्या हंगामाची उसाची एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान भाव, टनाला ३४०० रुपये होती, १०.२५ टक्के साखर उताऱ्याला. म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी कार्बनचे एकरी पैसे पाव टन उसाच्या आसपास. तेही लगेच नाहीत. आधी मोजणी, मग काही वर्षांनी पुन्हा मोजणी, मग पडताळणी, मग विक्री.

आणि तुमच्या प्रत्येकाच्या रानात मातीचा नमुना काढायला गिरमिट घालणार नाहीत. काही रानांतले नमुने घेतात, बाकीचं गणिती मॉडेल सांगतं. पाटाखालचं काळं रान आणि माळाचं मुरमाड एकाच सरासरीत बसवलं जात नाही ना, हे करारात बघा. आपल्या काळ्या जमिनीत चुनखडी असते. तिच्यातला कार्बन वेगळा, त्याचे पैसे नाहीत. मोजताना तो बाजूला काढावा लागतो.

वाळव्याचा ऊसकरी
साहेब, आकडा मांडलात ते बरं केलं. पण हजार रुपयांसाठी मी पाचट ठेवत नाही. एकरी तीन-चार टन पाचट निघतं, त्यात अर्धा टक्का नत्र. म्हणजे जवळजवळ एक पोतं युरिया रानातच पडलेला असतो, शिवाय पालाश आणि ओलावा. कार्बनचे पैसे वरचे आहेत. दूध विकून झाल्यावर शेण उरतं, त्याचेही पैसे मिळत असतील तर का सोडायचे?

पलूस, पाचट सोळा वर्षं
वरचे म्हणता, पण मला तेही नाहीत.

मी २००९ पासून काडी लावलेली नाही. तेव्हा पट्ट्यातले लोक म्हणायचे, पाणी पुढं सरकत नाही, मुळं खाणारी हुमणी लागंल, उंदरं होतील. पहिल्या दोन वर्षांत पाणी खरंच तुंबलं. सरी आड सरी पाचट घातलं, बुडखे जमिनीलगत छाटले, वर युरिया-सुपर आणि कुजवणारं जिवाणू खत टाकलं. नंतर ठिबक केलं. आता माझ्या खोडव्यात मूठ घातली की चहाच्या चोथ्यासारखी माती हाताला लागते, आणि तिसरा खोडवासुद्धा लागणीच्या बरोबरीनं येतो. कंपनीच्या त्याच दोघांना मी विचारलं, माझं काय? म्हणाले, काका, तुम्ही आधीपासूनच करताय, त्यामुळं तुमचं रान बसत नाही. नवीन बदल दाखवावा लागतो. म्हणजे परवापर्यंत ज्यानं रान पेटवलं तो पात्र आणि मी अपात्र.

दुसरी गोष्ट. चार वर्षांपूर्वी मार्चमध्ये दुपारी एकच्या सुमारास शेजारच्यानं पाचट पेटवलं. वारं फिरलं. मी मोटर चालू करेपर्यंत जाळ बांध ओलांडून आत आला. सव्वा एकरातलं पाचट गेलं, ठिबकच्या नळ्या वितळून सरीला चिकटल्या, आणि बोटभर वर आलेले कोंब उकडल्यासारखे पिवळे पडले. बायकोनं पदरानं तोंड झाकून बादल्या ओतल्या. त्या नळ्या आम्ही दोन दिवस खुरप्यानं खरवडून काढत होतो. आता विचार करा, माझं रान करारात असतं तर? उपग्रहाला जळकं रान दिसतं, काडी कुणी लावली ते दिसत नाही. माझ्या भाच्याच्या करारात पान सातवर लिहिलंय की आग लागली तर त्या वर्षाचं क्रेडिट रद्द आणि आधी दिलेले पैसे पुढच्या हप्त्यातून वळते. २०१९ आणि २०२१ ला पलूस-मिरजेची रानं आठ-आठ दिवस कृष्णेच्या पाण्याखाली होती. तेव्हा कुणाचा कर्ब कुठं गेला याचा हिशेब शेतकऱ्याच्या माथी मारणार का?

माती तपासणीवाला, कराड
काका, आगीचं तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. पूर, वणवा, शेजाऱ्याची काडी यांचा भार प्रकल्पाच्या राखीव साठ्यावर पडायला हवा. चांगल्या पद्धतींत काही क्रेडिटं न विकता त्यासाठीच बाजूला ठेवतात. हे करारात शब्दात उतरवून घ्यायचं.

पात्रतेच्या बाबतीत मात्र मी तुमच्या विरुद्ध आहे, आणि मनाला लावून घेऊ नका. तुमचं क्रेडिट घेणारी कंपनी त्या बळावर एक टन धूर जास्त सोडते. तुम्ही पैसे न मिळताही पाचट ठेवणारच होता, तर हवेत काहीच नवीन कमी झालं नाही, पण धूर मात्र वाढला. नियम तुमच्यावर खार खाऊन केलेला नाही. तुमच्या सोळा वर्षांचं मोल व्हायलाच पाहिजे, पण ते कारखान्यानं किंवा सरकारनं द्यावं. क्रेडिटच्या बाजारातून ते मागितलं तर दाखलाच खोटा ठरेल.

पलूस, पाचट सोळा वर्षं
हवेचा हिशेब कळला, साहेब. पण गावात काय होतं ते मी बघतोय. परवा एक जण मला म्हणाला, अण्णा, दोन-तीन वर्षं पेटवा, मग तुम्हीपण बसाल. चेष्टेत नाही म्हणाला. ज्या नियमामुळं चांगल्या शेतकऱ्याला काडी लावायचा सल्ला मिळतो, तो नियम मी मान्य करणार नाही.

माणदेशी मेंढका
ऊसवाल्यांचं झालं, आता आमचं ऐका. दिवाळीनंतर आमची मेंढरं तुमच्या कृष्णाकाठी उतरतात. रात्री रानात बसतात, लेंडी-मूत पडतं, त्याचे आम्हाला धान्य किंवा पैसे मिळतात. बाहेरदेशी कुरणाचे मालक जनावरं फिरती चारून मातीचा कार्बन विकतात म्हणे. आमच्या बाबतीत मालक कोण? मेंढरं आमची, रान तुमचं, चरलेलं गवत गायरानाचं. गायरान सरकारचं.

आमची मागणी एवढीच: गायरानावर कार्बनचा प्रकल्प आला तर तारेचं कुंपण घालून आम्हाला हाकलू नका. चार महिने इकडं, चार महिने तिकडं असं फिरतं चारणं आमचे आजे-पणजे करत आलेत. ग्रामसभेत आम्हाला बोलवा. आम्ही बाहेर असताना ठराव करू नका.

माती तपासणीवाला, कराड
मामा, एक भर घालतो. बाहेरून आणलेल्या लेंडीचा किंवा शेणखताचा कर्ब ऊसवाल्याच्या खात्यात तसाच धरत नाहीत. एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागेवर टाकला तर नवीन कर्ब झाला नाही, म्हणून वजावट होते. ट्रॉलीभर शेणखत विकत आणून क्रेडिट वाढेल असं कुणी सांगत असेल तर ते खोटं आहे.

जतचा
कर्ब मातीत राहतो की उडतो यावरच भांडण असेल तर बायोचार बघा. लाकूड कमी हवेत जाळून केलेला कोळसा मातीत शेकडो वर्षं टिकतो, म्हणून त्याला भावही जास्त. जानेवारी २०२५ मध्ये गुगलनं वराह या भारतीय कंपनीकडून २०३० पर्यंत एक लाख टन कार्बन डायऑक्साइडची क्रेडिटं घ्यायचा करार केला, तोही गुजरातमधल्या वेड्या बाभळीच्या कोळशावर. वेडी बाभळ आमच्या जत-आटपाडीत काय कमी आहे? आमच्या तालुक्याला ऊस-पाचटाच्या गप्पांपेक्षा हे जवळचं आहे.

खटावचा कोरडवाहू
भाऊ, बाभळ गेली की दुष्काळात शेरडांना शेंगा आणि चुलीला जळण कुठलं? एवढं आधी सांगा.

कोरेगावची
सगळे दादा-काका बोलले, म्हणून लिहिते. पाचट पसरतं कोण? तोडणीची टोळी निघून गेल्यावर बुडखे छाटायला, पाचट सरीत ओढायला, युरिया फेकायला आम्ही बायकाच असतो. पाचटाच्या पात्यानं हात चिरतात, मानेला पानांची बारीक कूस लागते, रात्रभर खाज थांबत नाही. पेटवलं तर हे दोन-तीन दिवसांचं काम एका काडीत होतं. घरात काडी लावायचा आग्रह का होतो त्याचं हे एक खरं कारण आहे. वर्षाला एकरी हजाराच्या आत मिळणार असेल तर एवढ्यात आमची मजुरीसुद्धा निघत नाही. पाचटाची कुट्टी करायचं यंत्र सोसायटीनं भाड्यानं द्यावं, कार्बनचा पहिला हप्ता त्यात घालावा. आणि पैसे सातबाऱ्यावरच्या नावावरच जाणार असतील, तर माझं नाव सातबाऱ्यावर नाही.

वाळव्याचा ऊसकरी
ताई, हे मला सुचलं नव्हतं. गेल्या वर्षी आमच्यात पाचट कुणी ओढलं ते आठवून बघितलं: आई आणि बायको.

मी उतरावं या मतावर अजून आहे, पण अटी बदलतो. सोसायटीच्या सभेत चार गोष्टी मांडणार. करार आधी पाच वर्षांचा, पुढं दोन्ही बाजूंना पटलं तर. आग आणि पूर यांची वसुली शेतकऱ्याकडून नाही. कुट्टी यंत्र पहिल्या वर्षी. आणि पलूसच्या काकांसारखे जे आधीपासून पाचट ठेवतात, त्यांना कारखान्यानं टनामागं काहीतरी वाढवून द्यावं, कारण बाकीचे त्यांच्याकडं बघूनच शिकणार आहेत. त्या अकरा जणांनाही भेटतो. त्यांनी दिलेल्या कागदांवर अजून सह्या झालेल्या नाहीत.

खटावचा कोरडवाहू
पाच वर्षांचं ठीक. तरी मी नाहीच म्हणणार. पण पलूसचे काका, सभेआधी तुमच्या भाच्याच्या कराराचं पान सात मला पाठवा. माझा मेहुणा कराडला वकिली करतो, त्याला वाचायला देतो.