शब्दचर्चा: रायफलची 'ॲक्शन' मराठीत काय म्हणावी? आणि 'कस्टम'?

शंकासुर
लांब पल्ल्याच्या नेमबाजीसाठी रायफल जुळवण्यावरचा एक लेख मराठीत आणतोय आणि पहिल्याच वाक्यात रुतलोय. माझा मसुदा: 'अचूक बांधणीसाठी सानुकूल बंदूक-क्रिया निवडताना पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात.' लिहून झाल्यावर माझं मलाच हसू आलं. ॲक्शनला, म्हणजे नळीचं मागचं तोंड उघडणाऱ्या-मिटणाऱ्या भागाला, चांगला शब्द आहे का? 'यंत्रणा' चालेल?

कोशकीटक
'बंदूक-क्रिया' वाचून बंदूक वारली आणि आज तिचा दहावा आहे असं वाटलं.

शब्द सापडत नाही याचं कारण साधं आहे. आपला बंदुकीचा शब्दसंग्रह बराचसा तोड्याच्या आणि ठासणीच्या बंदुकीवर घडला: नळी, दस्ता, घोडा, चाप, माशी, गज, कोठी, बार. ठासणीच्या बंदुकीत नळी मागून कायमची बुजवलेली असते आणि दारू-गोळी तोंडाकडून जाते. ॲक्शन नावाचा भागच तिथे नाही, मग शब्द कुठून येणार? मागून भरायची बंदूक आली तेव्हा ते मागचं तोंड उघडणं, मिटणं आणि बार उडताना घट्ट मिटलेलं ठेवणं हे नवं काम उपटलं. प्रशियाने १८४१ मध्ये स्वीकारलेल्या ड्रायझेच्या बंदुकीत हे काम एक सरकता दांडा करायचा. पुढे ढकलायचा, मूठ खाली पाडायची, झालं. दाराचा बोल्ट लावतो तसंच. नावही तेच पडलं.

म्हणजे इंग्रजीत 'ॲक्शन' हे आधी कामाचं नाव, मग ते काम करणाऱ्या वस्तूचं. पियानोच्या आतल्या हातोड्यांच्या जुळणीलाही ॲक्शनच म्हणतात. जर्मन लोक रायफलच्या या भागाला 'सिस्टेम' म्हणतात, म्हणजे त्यांनाही नेमका शब्द मिळाला नाही असं दिसतं.

लेथवाला
कोशातून नको, खोक्यातून पाहू. ॲक्शन मागवली की हातात काय पडतं? एक रिसीव्हर आणि त्यात सरकणारा बोल्ट, फायरिंग पिनसकट (काडतुसाच्या बुडावर आदळते ती सुई). नळी नाही, दस्ता नाही, बहुतेक वेळा चापही नाही. म्हणून 'यंत्रणा' मला पटत नाही. चापाचीही यंत्रणाच असते आणि मॅगझिनचीही. वाचक चुकीची वस्तू डोळ्यांसमोर आणेल.

रिसीव्हरला मी 'बोल्टचं घर' म्हणेन, बेअरिंगचं घर म्हणतो तसं. बोल्टच्या पुढच्या टोकाला जे दोन-तीन उंचवटे असतात, जे फिरून घरातल्या खाचांमागे अडकतात आणि स्फोटाचा सगळा रेटा झेलतात, ते लग. त्यांना 'कान' म्हणावं. कान खाचेत अडकले की कुलूप बसलं. ॲक्शनला मात्र ॲक्शनच राहू द्या.

आणि एक सांगून ठेवतो, कारण भाषांतरात हमखास घसरतं. चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती पोकळी, या रायफलींत ॲक्शनमध्ये नसते; ती नळीच्या मागच्या टोकात कोरलेली असते.

कोशकीटक
ती पोकळी म्हणजेच आपली 'कोठी'. तोफेच्या पोटात दारू बसते त्या जागेला हा शब्द होता. बसल्या जागी एक शब्द परत मिळाला!

नेमबाज
ॲक्शनपेक्षा मला 'सानुकूल' जास्त खुपतो. संगणकाच्या पडद्यावर 'सानुकूलित करा' वाचून वाचून आपण कस्टम दिसलं की तोच शब्द चिकटवतो. (एका मसुद्यात तर 'सीमाशुल्क रायफल' वाचली आहे, शपथ.) पण इथे कस्टम म्हणजे तुमच्यासाठी, तुमच्या मापाने घडवलेली असं नाहीच. डिफायन्स, बॅट, झर्मॅट, न्यूझीलंडची बार्नार्ड या कंपन्यांच्या ॲक्शन ठरलेल्या मॉडेलमध्येच निघतात. लांबी, बोल्टचा चेहरा (काडतुसाच्या बुडाला टेकणारं त्याचं पुढचं टोक), कोणत्या हाताची, एवढे पर्याय निवडायचे. 'कस्टम' इथे 'फॅक्टरी'च्या विरुद्ध उभा आहे. फॅक्टरी ॲक्शन म्हणजे पूर्ण रायफलचा एक भाग म्हणून मोठ्या संख्येने निघालेली. कस्टम म्हणजे स्वतंत्रपणे, मोजमापात फरकाची मुभा फार कमी ठेवून केलेली, जिच्याभोवती बाकीची रायफल पुढे उभी राहणार आहे.

तयार कपडे आणि शिंप्याकडचे कपडे हा फरक डोक्यात धरलात तर फसाल. हा फरक तयार कपडे आणि उंची कापडाचा तागा यांच्यातला आहे. शिंपी तुम्हाला पुढे वेगळा गाठायचाच आहे.

शंकासुर
मग 'सानुकूल' काढून काय घालू? 'खास'?

नेमबाज
'खास' जाहिरातीचा वाटतो. पहिल्यांदा 'स्वतंत्र घडणीची (कस्टम) ॲक्शन' लिहा, पुढे नुसतं कस्टम.

लेथवाला
'ट्रूइंग' हा शब्द लेखात असेलच. त्याशिवाय कस्टमचा अर्थ उमगत नाही. रेमिंग्टन ७०० ही १९६२ ची रायफल. तिचा रिसीव्हर गोल, म्हणजे लेथवर धरायला सोपा. म्हणून कारागीर तिचीच ॲक्शन घेऊन सुधारत बसायचे: रिसीव्हरचं तोंड अक्षाशी काटकोनात आणा, आटे सरळ करा, दोन्ही कान मागे सारखे टेकतात का पाहा, बोल्टचा चेहरा घासा. एक कान टेकलाय आणि दुसरा अधांतरी असेल तर बार उडताना बोल्ट किंचित तिरपा होतो, आणि ते तिरपेपण दर वेळी सारखं असेलच असं नाही. या सगळ्या खटाटोपाला ट्रूइंग म्हणतात. मराठीत 'सुतात आणणे'. कस्टम ॲक्शन जन्मतःच सुतात असते, तुम्ही पैसे त्याचे मोजता.

कोशकीटक
'सुतात आणणे' झकास. गवंडी, सुतार, लेथवाला, तिघांनाही कळेल.

नेमबाज
आता 'अचूक बांधणी'. इथे खरी गफलत आहे. इंग्रजीत ॲक्युरसी आणि प्रिसिजन हे दोन शब्द आहेत, आपण दोन्हींना 'अचूकता' म्हणून मोकळे होतो. पाच गोळ्या एकमेकींना खेटून बसल्या, पण मधल्या ठिपक्यापासून वीतभर डावीकडे, तर प्रिसिजन आहे, ॲक्युरसी नाही. दुर्बिणीचे स्क्रू फिरवून ती सगळी रास मध्यावर आणता येते. उलट गोळ्या मध्याभोवती पण विखुरलेल्या असतील तर स्क्रू फिरवून काही होत नाही. रायफल जुळवणारा प्रिसिजनसाठी पैसे खर्चतो. मध्यावर आणणं हे नंतरचं आणि बरंचसं नेमबाजाचं काम.

याची मोजणी मिनिटात करतात, कोनाच्या मिनिटात, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागात. एक मिनिट म्हणजे १०० मीटरवर साधारण २९ मिलिमीटर. 'अर्ध्या मिनिटाची रायफल' असं लेखात आलं तर खाली समजावून सांगा, नाहीतर वाचक घड्याळ काढेल.

शंकासुर
प्रिसिजनला मग 'सातत्य'? 'काटेकोरपणा'?

कोशकीटक
काटेकोरपणा माणसाचा असतो. मला 'एकजागीपणा' सुचतोय. ओबडधोबड आहे, पण गोळ्या एका जागी पडतात एवढंच तर म्हणायचंय.

लेथवाला
शब्द कोणताही घ्या, पण ॲक्शन बदलली की गोळ्या एकजागी पडतात असा सूर लागू देऊ नका. गोळ्यांची रास लहान होते ती मुख्यतः चांगल्या नळीने, नीट कोरलेल्या कोठीने आणि चांगल्या काडतुसाने. ॲक्शनचं काम यात अडथळा न आणण्याचं. बाकी तिचा फायदा वेगळ्याच ठिकाणी जाणवतो: बोल्ट न अडखळता सरकतो, काडतूस मॅगझिनमधून सरळ चढतं, रिकामं कवच चिकटलं तरी मूठ उचलताना सैल होतं. शिवाय मोजमापं एका ॲक्शनपासून दुसरीपर्यंत इतकी सारखी असतात की नळीवाला तुमची ॲक्शन हातात न घेताच नळी तयार करून पाठवू शकतो. त्या नळीला 'प्रीफिट' म्हणतात.

नेमबाज
प्रीफिटचं मराठी नको, 'तयार आट्यांची नळी' एवढं पुरे. पण 'फूटप्रिंट'कडे लक्ष द्या. 'पाऊलखूण' लिहाल आणि घात कराल. ॲक्शन दस्त्यात जिथे टेकते ते तळाचं रूप, स्क्रूंचं अंतर, चापाची जागा, या सगळ्याला मिळून फूटप्रिंट म्हणतात. बहुतेक कस्टम ॲक्शन रेमिंग्टन ७०० च्या फूटप्रिंटवर असतात, कारण त्या मापाचे दस्ते आणि चाप मुबलक मिळतात.

लेथवाला
बैठक! मोटारीची बैठक, पंपाची बैठक म्हणतोच की. 'रेमिंग्टन ७०० ची बैठक.'

शंकासुर
हा सरळ घेतला. आणखी एक: 'दोन-लगच्या ॲक्शनला ९० अंश लिफ्ट, तीन-लगला ६०.' लिफ्ट म्हणजे उचल?

लेथवाला
हो, मुठीची उचल. तीन कानांची उचल कमी, म्हणून मूठ वर आणताना दुर्बिणीला हात लागण्याची भीती कमी. पण फायरिंग पिनची स्प्रिंग तेवढीच दाबायची असते, ती आता थोडक्या फिरण्यात. म्हणून उचल आखूड असली तरी जड लागते. लेखकाने तीन कान सरसकट चांगले म्हटलं असेल तर तिथे तळटीप द्या.

नेमबाज
याच्याशी अर्धाच सहमत. जड-हलकी उचल स्प्रिंगवर आणि घडणीवर पुष्कळ ठरते. मी स्वतः दोन कानांचीच घेईन, पण ती सवय झाली, कारण नव्हे.

शंकासुर
सगळं जमवून वाक्य असं झालं: 'गोळ्या एकजागी पाडणारी रायफल जुळवताना स्वतंत्र घडणीची (कस्टम) ॲक्शन निवडायची, तर आधी तिची बैठक, बोल्टचे कान आणि मुठीची उचल पाहावी.'

लेथवाला
बोल्टचा चेहरा राहिला. ३०८ विंचेस्टर काडतुसाच्या कुळाला १२ मिलिमीटरचा लागतो, २२३ रेमिंग्टनला ९.६. काडतूस आधी ठरवा, मग चेहरा, मग बैठक. क्रम बदला.

कोशकीटक
आणि 'चेहरा' नको हो. बोल्टचं तोंड.

लेथवाला
तोंड आम्ही रिसीव्हरला म्हणतो. वर मीच लिहिलंय.