मदत हवी आहे: पुरासाठी पॉवर स्टेशन ५०० चं की १००० चं? (अर्जंट)

मृद्गंध
नमस्कार. पटकन उत्तर हवंय, सेल उद्या रात्री १२ ला संपतोय.
पावसाळ्याआधी घरात पुराचं सामान भरायचं ठरलंय. ह्यांनी आणि पुतण्याने बसून यादी केली आहे: पॉवर स्टेशन, घडीचं सोलर पॅनेल, ३० दिवसांचं पाकीटबंद खाणं (गरम पाणी घातलं की पुलाव होतो म्हणे), पाणी गाळायच्या स्ट्रॉ, लाइफ जॅकेटं, वॉकीटॉकीची जोडी, पाठीवरच्या तयार बॅगा दोन आणि फुगवायची रबरी बोट. सगळं मिळून ९४ हजार.
प्रश्न एवढाच, की पॉवर स्टेशन (म्हणजे उचलून नेता येणारी मोठी बॅटरी) ५०० वॅट-अवरचं पुरेल की १००० चं? बाकी यादी ठीक आहे. "कशाला हवंय हे सगळं" असं कृपया कुणी सांगू नका. ह्यांनी २०१९ चा पूर बघितलाय.

पंचगंगेकाठचा
गाव कुठलं? घर कितव्या मजल्यावर? माणसं किती? आणि त्या पॉवर स्टेशनवर चालवायचं काय आहे?

मृद्गंध
कोल्हापूर. सहा माणसं. मोबाइल, दिवे, फ्रीज.

खवचट काका
फ्रीज? पुरात आइस्क्रीमची सोय बघताय होय. हलकेच घ्या.

ओहमचा नियम
काकांकडे दुर्लक्ष करा. गणित असं: साधा एका दाराचा फ्रीज दिवसाला अर्धा ते पाऊण युनिट खातो. ५०० च्या बॅटरीतून प्रत्यक्षात ४०० च्या आसपास हाती लागतं, म्हणजे फ्रीज एक दिवसही धड निघत नाही. १००० ची घेतली तर एक दिवस, फार तर दीड. मग चार्ज कशावर करणार? जुलैच्या ढगात घडीचं पॅनेल मोबाइल चार्ज करेल, फ्रीज नाही. नुसते मोबाइल आणि दिवे असतील तर २०,००० एमएएचच्या दोन पॉवर बँका आणि एक चार्जिंगची बॅटरी (टॉर्च) पुरते, चारेक हजारांत काम.
फ्रीज चालवायचाच आहे का, ते आधी ठरवा.

रानवारा
मी अमेरिकेत, कॅलिफोर्नियाच्या बे एरियात १४ वर्षं आहे. इथे प्रत्येक देशी घरात निदान एक बॅग दाराशी असते. माणशी रोज एक गॅलन पाणी (पावणेचार लिटर), टॉर्च, शिटी, बूट पलंगाखाली. बूट विसरू नका, फुटलेल्या काचांवर अनवाणी पाय पडतो. तयार बॅगा घेताय ते उत्तम करताय. भारतात लोक फार निष्काळजी असतात.

पंचगंगेकाठचा
रानवारा, तुमच्याकडं भूकंप. तो दार वाजवून येत नाही, म्हणून बॅग दाराशी. आमची पंचगंगा सांगून येते. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. पाऊस लागला की इथं पोरंटोरंसुद्धा "किती फूट झालं?" असंच विचारतात. राधानगरी धरणाचे सातही स्वयंचलित दरवाजे उघडले की गाव कामाला लागतं. नदीकाठच्या सुतारवाड्यातली माणसं तर पहिली निघतात, दरवर्षी. ती काय बोट फुगवत बसत नाहीत.
मृद्गंध ताई, मजला सांगितला नाहीत अजून.

व्हीयू२वाला
वॉकीटॉकी बघून घ्या हां. आपल्याकडे विनापरवाना फक्त ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झवर चालणारे कमी ताकदीचे सेट वापरता येतात. ऑनलाइन मिळणारे बरेच सेट त्यात बसत नाहीत. त्यापेक्षा हॅमची (हौशी रेडिओच्या परवान्याची) परीक्षा द्या. अवघड नाही, १२ वर्षांची मुलंही देतात. टॉवर बंद पडले की आमचीच मंडळी निरोप पोचवतात. इच्छुकांनी व्यनि (खासगी निरोप) करावा, नोट्स पाठवतो.

खवचट काका
सेल उद्या संपतोय, परीक्षा कधी आहे?

कृष्णामाई_सांगली
हे सगळं ठीक, पण मूळ रोगाचं कोण बोलणार? कर्नाटकातल्या आलमट्टी धरणाची उंची वाढवायचं घाटतंय, ५१९ वरून ५२४ मीटर. मग कितीही पॉवर स्टेशनं घ्या, सांगलीच्या आयर्विन पुलाखाली पाणी तुंबणारच.

ओहमचा नियम
२०१९ नंतर वडनेरे समिती नेमली होती. तिने आलमट्टीला दोषी धरलेलं नाही. पूररेषेतली बांधकामं बघा आधी.

कृष्णामाई_सांगली
समितीतले कोण सांगलीत राहतात? ५७ फूट पाणी आम्ही बघितलंय.

ओहमचा नियम
बघितलंत म्हणजे कारण कळलं असं होत नाही.

संपादक
आलमट्टीसाठी वेगळा धागा आहे. इथलं इथंच थांबवा.

मृद्गंध
अहो मी फक्त ५०० की १००० विचारलं होतं. फ्रीज आइस्क्रीमसाठी नाही. सासूबाईंचं इन्सुलिन असतं त्यात.

गोळ्या_औषधं
हे पहिल्यांदाच सांगायला हवं होतं! माझं मेडिकल स्टोअर आहे. सध्या वापरात असलेलं पेन किंवा बाटली फ्रीजबाहेर साधारण चार आठवडे चालते, फार ऊन-गरमी नसली की. पुराच्या दिवसांत कोल्हापुरात थंडावाच असतो. कोणतं इन्सुलिन आहे त्यावर थोडा फरक पडतो, म्हणून खोक्यातला कागद वाचा आणि डॉक्टरांना एकदा विचारून घ्या. न फोडलेला साठा तेवढा थंड ठेवायचा. तो थर्मासमध्ये किंवा ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मडक्यात काही दिवस निभावतो. बर्फाला थेट चिकटवू नका, गोठलेलं इन्सुलिन वाया गेलं असंच समजायचं.
आणि साठा महिन्याभराचा जास्तीचा घेऊन ठेवा. सुया, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या, जुनं प्रिस्क्रिप्शन. २०१९ ला मी इथंच होतो. दुकान कोरडं, पण माल घेऊन येणारी गाडी शिरोलीच्या पलीकडं अडकलेली. हायवेच बंद होता.

ओहमचा नियम
झालं तर मग. फ्रीजचा प्रश्न मिटला. १००० चं नको, ५०० चंही नको.

स्टॉकहोमवासी
इकडचा अनुभव. २०२४ च्या नोव्हेंबरात सरकारने घरोघरी पुस्तिका पाठवली, युद्ध किंवा मोठं संकट आलं तर काय करायचं त्याची. मला वाटलं आता बंकर खणायला सांगतात. आत काय, तर आठवडाभर स्वतःच्या जिवावर राहता यावं: माणशी रोज ३ लिटर पाणी, घरात नेहमी खाता तेच जरा जास्त आणून ठेवा, पांघरुणं, बॅटरीवरचा रेडिओ, थोडी रोख रक्कम. आमच्या सौ.नी वाचून म्हटलं, "ही तर माझ्या आईची चातुर्मासाची कोठीची खोली झाली." पाकिटातल्या पुलावाचा उल्लेख कुठे नव्हता.

आंबोळी
सत्तूचं पीठ ठेवा. शिजवायला लागत नाही. माझ्याकडे घरगुती मिळेल, किलोवर.

पंचगंगेकाठचा
मजला?

मृद्गंध
तळमजला. भाड्याचं आहे. नागाळा पार्कच्या खालच्या अंगाला. वर मालक राहतात. आम्ही गेल्या वर्षीच नागपूरहून इकडे आलो. ह्यांनी २०१९ बघितला तो टीव्हीवर.

खवचट काका
😶

पंचगंगेकाठचा
आता सांगतो, जरा लांबेल.
आमचंही तळमजल्याचंच होतं, तुमच्यापासून फार लांब नाही. २०१९ ला वडील म्हणाले, २००५ ला उंबऱ्यापर्यंत आलं होतं, यंदा फार तर गुडघाभर. म्हणून आम्ही गहू, तांदूळ, पीठ, शेंगतेल सगळं कट्ट्यावर चढवलं, कपाटाचे खालचे दोन कप्पे रिकामे केले. इन्व्हर्टर स्टुलावर. लई शहाणे आम्ही. रात्री दीडला आई उठली, पाय खाली टाकला तो पाण्यात. वर मालकांकडे गेलो नुसत्या कपड्यांवर. पहाटे खालून ठक्-ठक् आवाज यायचा. आम्हाला वाटलं कुणी अडकलंय. बॅटरी मारून जिन्यातून बघितलं, तर गॅसचा सिलिंडर तरंगत तरंगत स्लॅबला टेकत होता.
नदी ५५ फुटांच्या वर गेली त्या वेळी, आणि २०२१ ला ५६ पार. तळमजल्यावर ठेवलेलं काहीही, ९४ हजारांचं असो नाहीतर ९४ लाखांचं, त्या पाण्यात जातं. तुमचं पॉवर स्टेशन कुठं ठेवणार होता?
दुसरं. भुकेनं कोणी मेलं नाही. खेड्यापाड्यांतून भाकऱ्या आल्या, बिस्किटं तर इतकी आली की पोरं कंटाळली. नव्हतं ते पाणी. चहूकडं पाणी आणि नळाला थेंब नाही, कारण उपसा करणाऱ्या मोटरीच पाण्यात. टँकरला रांगा. पेट्रोल नाही. एटीएम बंद. ज्याच्या खिशात दहा-वीसच्या नोटा होत्या तो राजा.

गोळ्या_औषधं
+१. आणि संडास. हे कुणी लिहीत नाही, पण वर टाकीत पाणी नसलं की तिसऱ्या दिवशी घरात भांडणं लागतात.

पंचगंगेकाठचा
बरोबर. म्हणून ३९ ला आलं की वरची टाकी काठोकाठ भरायची आणि मालकांना वापर बेतानं करायला सांगायचं, वीज गेली की मोटर नाही. मेडिक्लोरच्या (पाण्यात टाकायच्या क्लोरीनच्या थेंबांच्या) दोन बाटल्या, २० लिटरचे जार चार. तुमच्या स्ट्रॉपेक्षा ते बरं. पुराच्या पाण्यात डिझेल, औषधं, गटार सगळं असतं, स्ट्रॉ ते गाळत नाही.

रानवारा
पण बोट तरी असू द्या. पळायला काहीतरी हवंच.

चिखलीकर
फुगवायची बोट गल्लीत? कंपाउंडच्या ग्रिलचे भाले पाण्याखाली असतात, काटेरी तार असते. एक टोचा आणि खेळ खलास. आमच्या चिखलीत गुऱ्हाळाच्या काहिलीतून (गुळाच्या मोठ्या कढईतून) माणसं काढलीत आम्ही. काहील कधी फुटत नाही.

गोळ्या_औषधं
काहील फुटत नाही, उलटते. पोहता न येणाऱ्याला तीत बसवू नका. ब्रह्मनाळला पुरात माणसं काढताना उलटलेली बोट विसरलात? ८ ऑगस्ट २०१९. ती तर खरी बोट होती.

चिखलीकर
तिच्यात माणसं जास्त झाली होती. काहिलीत आम्ही चारच घेतो, आणि दोन्ही बाजूनं दोर. एनडीआरएफ यायच्या आधी दुसरं काय होतं सांगा की.

गोळ्या_औषधं
आधी निघायचं होतं.

चिखलीकर
म्हशी कुठं ठेवायच्या मग? तुमच्या दुकानात?

मृद्गंध
थांबा. सासूबाई ७८ च्या आहेत, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली आहेत. मालकांचा जिना बाहेरून आहे, लोखंडी, गोल. त्या चढू शकत नाहीत. हे पण सांगायला हवं होतं का?

पंचगंगेकाठचा
ताई, हेच तर सांगायला हवं होतं.
मग वरती जायचा विषयच नको. तुम्ही ३९ लाच निघायचं, ४३ ची वाट बघायची नाही. २०२१ ला पाणी २०१९ पेक्षा झपाट्यानं चढलं होतं, तेव्हा रात्री ३७ असलं आणि पाऊस थांबत नसला तरी निघायचं. जायचं ते गावातच उंचावर: मंगळवार पेठ, राजारामपुरी, संभाजीनगर, कुणीही ओळखीचं. नागपूरला किंवा पुण्याला निघू म्हणाल तर शिरोलीला हायवेवर अडकाल. आत्ता जूनमध्येच कुणाला तरी विचारून ठेवा, "पाणी आलं तर चार-आठ दिवस आईंना घेऊन येऊ का?" संकोच वाटतो, पण कोल्हापुरात नाही म्हणणारा माणूस विरळा.

मृद्गंध
राजारामपुरीत ह्यांच्या ऑफिसमधले एक आहेत. तिसरा मजला, पण लिफ्ट आहे.

ओहमचा नियम
पुरात लिफ्ट चालेल?

मृद्गंध
...विचारते.

स्टॉकहोमवासी
आधार, रेशन कार्ड, भाडेकरार, गाडीची कागदं एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत आणि फोटो काढून मेलवर. आणि भाड्याच्या घरात असलात तरी आतल्या सामानाचा विमा निघतो, पुरासकट. त्याचा हप्ता तुमच्या यादीतल्या बऱ्याच गोष्टींपेक्षा स्वस्त पडेल.

व्हीयू२वाला
कुणालाच परीक्षा द्यायची नाही का?

मृद्गंध (दुसऱ्या दिवशी, रात्री १०:५०)
सगळ्यांचे आभार. मंगळवार पेठेत सासूबाईंच्या भजनी मंडळातल्या एक काकू निघाल्या, तळमजलाच आहे पण उंचावर. त्या म्हणाल्या, "पूर कशाला यायला पाहिजे, आत्ता या की." इन्सुलिनचा जास्तीचा साठा आणला, थर्मास घरात होताच. छोटा रेडिओ, पेन्सिल सेल, मेडिक्लोर, जार. तीन हजारांच्या आत झालं. पॉवर स्टेशन, पॅनेल, पुलाव सगळं यादीतून काढलं.
फक्त एक. पुतण्याने बोट कालच मागवली होती, मला न सांगता. आज खोकं आलं. १८ किलो आहे आणि पंप वेगळा घ्यावा लागतो म्हणे. परत घेत नाहीत. काय करू?

चिखलीकर
बोट किती माणसांची आहे? तळाला जाड रबर आहे का नुसतं प्लास्टिक?