मदत हवी आहे: भाचीचं कायदेशीर पालकत्व, आम्ही परदेशी नागरिक

ताई आणि दाजी दोघंही गेले. नऊ वर्षांची भाची आजीजवळ आहे, पण आजी आता थकलीय. मी आणि नवऱ्यानं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलंय. दत्तक नकोय, तिच्या नावापुढे तिच्याच बाबांचं नाव राहावं (हा माझा हट्ट समजा). १९९३ चा हेग करार (मुलांबाबत देशादेशांतला करार) फक्त दत्तकाचा. पालकत्व १९९६ च्या हेग करारात येतं आणि निर्णय सहसा मूल राहतं त्या देशातलं कोर्ट देतं, इथवर कळलं. पण दोन्हींपैकी एक देश त्या करारात नसेल तर? कोर्टाचा आदेश असूनही व्हिसासाठी दत्तकपत्रच मागितलं, असं कुणाचं झालंय का? तेव्हा काय केलंत? वकील फी लगेच सांगतात, हे मात्र कुणी सांगत नाही.