सप्तशतीतल्या राक्षसांचे अर्थ सगळे सांगतात, पण सुरथ आणि समाधीचं काय?

महाद्वाररोडकर:
नमस्कार मंडळी. यंदा नवरात्रात सप्तशतीचा (देवीनं राक्षस मारल्याच्या कथांची पोथी) पाठ माझ्याकडं आलाय, आजपर्यंत आजी करायची पण आता तिला बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून आधीच मराठी अर्थासकट वाचून काढतोय. राक्षसांचे अर्थ तर व्हॉट्सॅपवर तयार मिळतात, महिषासुर म्हणजे तमोगुण, रक्तबीज म्हणजे वासना, थेंब सांडला की नवीन उभी राहते वगैरे. पटतंय ते. माझी गाडी अडलीय पहिल्या अध्यायातल्या दोघांपाशी. राज्य गेलेला सुरथ राजा आणि बायकापोरांनी पैशासाठी हाकललेला समाधी नावाचा वैश्य, दोघं मेधा ऋषींकडं येतात, एकच कथा ऐकतात, एकाच नदीकाठी मातीची मूर्ती करून तीन वर्षं तप करतात, आणि शेवटी एक राज्य मागतो आणि दुसरा ज्ञान. मग कथेचा राजावर काहीच परिणाम झाला नाही का? आणि ही दोन माणसं समजायची की एकाच मनाच्या दोन बाजू? जाणकारांनी सांगा की.

पोथीवाला_मंगळवारपेठ:
चांगल्या ठिकाणी अडलाय, बहुतेक जण पहिला अध्याय भराभर उरकून महिषासुराकडं पळतात. ते दोघं ऋषींना काय विचारतात ते बघा. राजा म्हणतो माझं राज्य गेलंय हे कळतंय तरी माझ्या हत्तीचं काय होत असंल, खजिना कोण उधळत असंल हेच डोक्यात फिरतंय. वैश्य म्हणतो ज्यांनी घराबाहेर काढलं त्यांच्याबद्दलच जीव तुटतोय. म्हणजे दोघांना समजतंय सगळं आणि तरी सुटत नाही, रोग हा आहे. त्यावर ऋषी पाखरांचं उदाहरण देतात, स्वतः उपाशी असून पिल्लाच्या चोचीत दाणा घालतात ती, माणूस पण पोरांवर जीव लावतो पण पुढं परतफेड होईल ह्या आशेनं. कडक आहे ते. आणि लगेच म्हणतात की ज्ञान्यांचं चित्त सुद्धा महामाया, म्हणजे देवीच, जबरदस्तीनं ओढून मोहात टाकते. तेव्हा पुढचे सगळे राक्षस हे ह्या दोघांच्या प्रश्नाला दिलेलं उत्तर आहे असं धरून वाचा, सुटा तक्ता पाठ करून उपयोग नाही.

मधु-कैटभ हे पहिले दोन राक्षस विष्णूच्या कानातल्या मळातून जन्मतात, तेही तो झोपलेला असताना. आणि पाच हजार वर्षं हातांनी झुंजून सुद्धा ते हरत नाहीत, शेवटी महामायेनं भुलवलेले ते दोघंच वर देऊन बसतात तेव्हा मरतात. नुसत्या जोरानं मोह जात नाही हे पहिल्याच गोष्टीत सांगून टाकलंय.

ताराबाईपार्ककर:
वरच्यांना जोडून. तेराव्या अध्यायात समाधी काय मागतो, तर ‘मी’ आणि ‘माझं’ ही आसक्ती तोडणारं ज्ञान. आता शुंभ-निशुंभ हे राक्षस भाऊ बघा. परंपरेत शुंभ म्हणजे अहंकार आणि निशुंभ म्हणजे ममता असं लावतात, आणि मरायचा क्रम पण तसाच आहे, नवव्यात निशुंभ, दहाव्यात शुंभ. आधी ‘माझं’ पडतं, ‘मी’ सगळ्यात शेवटी. आणि शुंभाची शेवटची तक्रार काय? तर देवीलाच म्हणतो, गर्व करू नकोस, तू दुसऱ्यांच्या बळावर लढतेस! अहंकारच समोरच्याला गर्विष्ठ म्हणतोय, मला ही पूर्ण पोथीतली सगळ्यात भारी जागा वाटते. त्यावर देवी म्हणते ह्या जगात मी एकटीच आहे, माझ्याशिवाय दुसरी कोण, आणि ब्रह्माणी वगैरे सगळ्या शक्ती तिच्यात शिरतात.

रंकाळा_चौपाटी:
भावा राग मानू नको पण असे अर्थ लावायचे म्हटले तर कशाचेही लागतात की. उद्या कोणीतरी महिषासुर म्हणजे कोलेस्टेरॉल म्हणंल. आपल्या कोल्हापूरची गोष्ट घ्या, करवीर माहात्म्य ह्या पोथीतला कोल्हासुर राक्षस, त्यानं मरताना वर मागितला की क्षेत्राला माझं नाव राहू दे आणि दरवर्षी कोहळ्याचा बळी दे. देवीनं दिला. आता वाईट वृत्तीचं प्रतीक म्हटलं तर अख्खं गाव त्या वृत्तीचं नाव लावून फिरतंय 😄 मला तर राक्षस हा राक्षसच बरा वाटतो.

सौ_शिवाजीपेठ:
@रंकाळा_चौपाटी हसू आलं, पण तुमचंच उदाहरण तुमच्या विरुद्ध जातंय. चौथ्या अध्यायात देव स्तुती करताना म्हणतात की देवी नुसत्या नजरेनं सगळ्यांना भस्म करू शकली असती, तरी शस्त्र चालवते ते ह्यासाठी की शस्त्रानं पवित्र होऊन शत्रूंना पण चांगला लोक मिळावा. मनात कृपा आणि युद्धात निष्ठुरपणा, दोन्ही तिच्यातच. म्हणजे राक्षसाला पुसून टाकायचं नाहीच, त्याला जागा द्यायची. कोल्हासुराला नाव दिलं ते ह्यात बसतं.

आणि त्र्यंबोली देवीची, म्हणजे आपल्या टेंबलाईची कथा आठवा. कामाक्ष राक्षसानं योगदंडानं सगळ्या देवांना मेंढरं करून टाकलं, त्र्यंबोलीनं सोडवलं, आणि विजयाच्या सोहळ्यात तिलाच बोलवायचं राहिलं. ती रुसून टेकडीवर जाऊन पाठ फिरवून बसली. म्हणून नवरात्रातल्या ललितापंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाईला जाते, तिथं कुमारिकेच्या हातून कोहळा फोडतात आणि त्या तुकड्यासाठी काय झोंबाझोंबी असते ते सगळ्यांना माहिती आहे. राक्षस मेला तरी जिंकलेल्यांकडून उपकाराचा विसर पडतोच, आणि मोठ्या देवीला स्वतः उठून समजूत काढायला जावं लागतं. ह्याला प्रतीक म्हणा नाहीतर म्हणू नका, मला तरी ह्यात घरातल्या सगळ्या जावा दिसतात.

अजून एक, पाठ झाल्यावर पोथीला शेवटी जोडलेली रहस्यं वाचायची सोडू नका. प्राधानिक रहस्यात महालक्ष्मीच्या हातात म्हाळुंगाचं फळ, गदा, ढाल, पानपात्र आणि मस्तकावर नाग, लिंग, योनी असं वर्णन आहे. आपल्या अंबाबाईच्या गाभाऱ्यातली मूर्ती हीच. आणि तिथं तिला त्रिगुणी म्हटलंय, म्हणजे सत्त्व, रज आणि तमोगुणासकट. महिष म्हणजे तम म्हणून झटकणाऱ्यांनी ते जरा वाचावं.

महाद्वाररोडकर:
हे त्रिगुणाचं डोक्यातच आलं नव्हतं, धन्यवाद ताई. पण माझा राजाचा प्रश्न लोंबकळतोयच अजून. ममता जाते, अहंकार जातो हे सगळं ऐकून पण तो गडी राज्यच मागतो!

पोथीवाला_मंगळवारपेठ:
मागू दे की. देवी त्याला एका शब्दानं टोकत नाही. राज्य देते, आणि पुढच्या जन्मी सूर्यापासून जन्मून सावर्णी मनू (एका मन्वंतराचा अधिपती) होशील हे पण सांगते. वैश्याला तुझं ज्ञान तुला मिळंल एवढंच. आता पोथीची रचना बघा, मार्कंडेय पुराणात ही कथा सुरूच होते ती आठवा मनू सावर्णी कसा झाला हे सांगायला, आणि तेराव्या अध्यायाचा शेवटचा श्लोक पण सावर्णीवरच संपतो. समाधी मधेच निघून जातो, त्याचं पुढं काय झालं हे कोणी सांगत नाही कारण त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काही उरतच नाही. राजा मात्र परत जाऊन राज्य करणार, म्हणजे जगाचा गाडा ओढायला कोणीतरी लागणार आणि तो ही कथा ऐकलेला असला तर बरं. दोन माणसं का एक मन विचारलंत, मी तरी दोन माणसंच धरतो, एकच मन धरलं की राजाला कच्चा ठरवायचा मोह होतो आणि पोथी तर त्याला कुठंच कच्चा म्हणत नाही.

रंकाळा_चौपाटी:
हे मात्र पटलं. मी पण राज्यच मागितलं असतं 😄 भावा, पाठाला नऊ दिवसांची वाटणी कशी केलीयस ते टाक इथं, आमच्या आईला पण पाहिजे.