मदत हवी आहे: ट्विन पीक्सच्या १५व्या भागातले एड आणि नॉर्मा
मंडळी, ट्विन पीक्स द रिटर्न ही टीव्ही सिरीज (२०१७) ज्यांनी पूर्ण बघितलंय त्यांनीच वाचा, पुढे स्पॉयलर आहेत. १५व्या भागात एडची बायको नेडीन खांद्यावर फावडं टाकून त्याच्या पेट्रोल पंपावर येते, एडला मोकळं करते, तो सुसाट त्याच्या जुन्या प्रेमाच्या, नॉर्माच्या डायनरमध्ये जातो आणि मग ओटिस रेडिंगचं गाणं, इतक्या वर्षांनी त्या दोघांचं जमलं, आपण तर रडलो बुवा. पण १३व्या भागाच्या शेवटी एड एकटाच पंपावर सूप खात बसलेला असतो ना, तिथे काचेतलं त्याचं प्रतिबिंब क्षणभर वेगळंच हलतं, मग हे मीलन खरं की एडच्या मनातलं? कोणी नीट समजावेल का?

दुसरं, १५व्याच भागात लॉग लेडी (कायम लाकडाचा ओंडका घेऊन असणारी बाई) पोलिसातल्या हॉकला फोनवर शेवटचा निरोप घेते. ती भूमिका करणाऱ्या कॅथरीन कोल्सन शूटिंगच्या वेळी खरंच आजारी होत्या, सप्टेंबर २०१५ मध्येच गेल्या, हे कळल्यापासून तो सीन परत बघवत नाही. बहिणीला एवढा एकच भाग दाखवायचाय (१९९०ची जुनी सिरीज ती बघणार नाही, लिहून घ्या), तर आधी कुठले एपिसोड दाखवू?