उत्तर: चंद्रावर मुरूम लागतो का?

वर विचारलंय, चंद्रावरची माती आपल्या काळ्या रानासारखीच का, खडक तर आपल्याकडं अन् चंद्राच्या काळ्या डागांवर बेसाल्टच (लाव्हा थिजून झालेला काळा खडक)? नाही. आपल्याकडे विहीर खांदताना काळी माती, मग मुरूम, मग कातळ लागतो. यातली माती अन् मुरूम हे पाण्यानं कुजलेल्या बेसाल्टचे थर. चंद्रावर वाहतं पाणी नाही, म्हणून चिकणमाती नाही, काळ्या रानासारख्या भेगाही नाहीत. तिथं उल्कांनी कुटलेला चुरा अन् वितळून चिकटलेले काचेचे कण. हा थर काळ्या डागांवर साधारण ४-५ मीटर जाड, उजळ डोंगराळ भागात १०-१५.

भुसभुशीत म्हणाल तर वरचे काही सेंटीमीटरच. खाली धक्क्यांनी गच्च बसलेलं. १९७१ ला अपोलो १५ या अमेरिकी चांद्रमोहिमेचं ड्रिल ३ मीटर जायचं होतं, १.६ वरच अडलं: चुरा वर काढणारे सळईवरचे आटे जोडांवर उथळ होते, म्हणून तो वर येईना.